घरात छकुली, दाखल्यावर कोण?

या वेळी पत्रं निवडली ती सगळी नावांचीच. बारशाच्या आधी घरोघरी जी चर्चा रंगते, ती 'छान नाव कुठलं' यावर. नंतर जी डोकेदुखी होते, ती मात्र 'कुठलं नाव कुठे लिहिलं' यावरून. म्हणून उत्तरांतही झुकतं माप कागदांना दिलं आहे.

प्रश्न : मुलगी अकरा दिवसांची आहे. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मिरजेला आहे; आम्ही राहतो ठाण्याला. दवाखान्यात नोंदणीसाठी बाळाचं नाव विचारत आहेत. आमचं अजून ठरत नाही. घरात सगळे छकुली म्हणतात. सासरे म्हणतात, "तेच लिहून टाका, पुढे बदलता येतं." लिहू का?
— नवा बाबा, ठाणे

उत्तर : लिहू नका. नावाचा रकाना कोरा ठेवा. कोरा रकाना भरणं सोपं असतं, भरलेला खोडणं महाकठीण.

जन्माची नोंद आणि नावाची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २१ दिवसांची मुदत आहे ती जन्माची खबर देण्याला. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ही खबर दवाखान्यानेच द्यायची असते, आणि ती नावाशिवाय देता येते. नाव घालायला जन्माची नोंद झाल्यापासून १२ महिने मिळतात, त्याला शुल्क नाही. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कोऱ्या जागी नाव भरण्यासाठी कलम १४ आहे. चूक दुरुस्त करण्यासाठी आहे कलम १५. ते हस्तदोषासाठी किंवा चुकीच्या नोंदीसाठी आहे, मन बदललं म्हणून नाही. तुम्ही स्वतःच्या सहीने 'छकुली' लिहून दिलं, तर ती चूक होती हे निबंधकाला कसं पटवणार? "पुढे बदलता येतं" हे सासऱ्यांचं म्हणणं त्यांच्या काळात चालून गेलं असेल. तेव्हा शाळेत मास्तर विचारायचे आणि घरचे सांगतील ते नाव, सांगतील ती तारीख पटावर चढायची. आता १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच. शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदारयादी सगळं त्याच्यावरूनच होणार.

तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : मिरज. नोंद होते ती मूल जिथे जन्मलं तिथे, आईबाप राहतात तिथे नाही. म्हणजे तुमच्या मुलीचा दाखला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा असणार आणि नाव घालायलाही तिथेच अर्ज करावा लागणार. माहेरी बाळंतपण झालेल्या कितीतरी घरांत बाळ-बाळंतीण सासरी परत येतात, वर्ष उलटतं, आणि मग एका नावासाठी रजा काढून गाव गाठावं लागतं. बायको-मुलगी मिरजेला आहेत तोवरच हे उरकून घ्या. बाराव्या दिवशी बारसं झालं, तर पुढच्या आठवड्यात अर्ज.

सोबत न्यायचं ते असं : नाव नोंदवण्याचा अर्ज दोघांच्या सह्यांनिशी, दोघांची आधारपत्रं, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, आणि बिननावाचा दाखला आधी काढला असेल तर तो. अर्जावर नाव देवनागरीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे स्वतःच्या हाताने, सुटी अक्षरं काढून लिहा. समोरचा कर्मचारी ऐकून टाइप करतो. 'श्रिया' सांगितलं की 'श्रेया' उमटायला वेळ लागत नाही. छपाई होण्याआधी पडद्यावरची नोंद वाचायला मागा. मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तारीख, हे सगळं दोन्ही लिप्यांत वाचा. आईचं नाव तिच्या आधारवर आहे तसंच हवं. लग्नानंतर आधार बदललं नसेल आणि दवाखान्यात सासरचं नाव सांगितलं असेल, तर घोळ तिथूनच सुरू होतो.

डिस्चार्ज कार्डावर किंवा लसीच्या कार्डावर 'बेबी ऑफ' अमुक असं लिहिलेलं असतं, त्याची काळजी नको. ते कामचलाऊ नाव आहे. लसीच्या कार्डावर पुढच्या डोसाच्या वेळी नाव घालून घ्या. आधार मात्र दाखल्यावर नाव आल्याशिवाय काढू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी पाळण्यातच का घालवायची?

प्रश्न : नातवाचं हस्त नक्षत्र, चौथं चरण. गुरुजींनी 'ठ' अक्षर सांगितलं. सून म्हणते, ठ वरून नाव ठेवलं तर पोराला शाळेत चिडवतील. मला शास्त्र मोडायचं नाही आणि सुनेचं मनही मोडायचं नाही.
— एक आजी, वाई

उत्तर : आजी, शास्त्र मोडत नाही. नामकरणात एकच नाव ठेवायचं असं शास्त्रानेच कुठे सांगितलं आहे? तबकात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नावं लिहितात, ती आठवा : कुलदेवतेचं, मासाचं, नक्षत्राचं आणि शेवटी व्यवहाराचं. अक्षर बघायचं ते नक्षत्रनावाला. चारचौघांत हाक मारायचं व्यवहारनाव वेगळं ठेवायला परंपरेची मुळीच आडकाठी नाही.

शिवाय अक्षरांचा तक्ता बघा. २७ नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, एकूण १०८ अक्षरं. हस्ताच्या वाट्याला पू, ष, ण, ठ आली. आर्द्रेला कू, घ, ङ, छ. उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. आता ङ आणि ञ वरून कोणी कोणाला हाक मारायची? म्हणूनच गुरुजीही अशा वेळी जवळचं अक्षर सुचवतात किंवा राशीतलं दुसरं अक्षर चालवून घेतात.

तेव्हा तांदळात आणि पत्रिकेत जन्मनाव 'ठ' वरून लिहा, 'ठाकूर' किंवा 'ठाकोर' चालेल. ते संकल्पाला आणि पत्रिकेला उपयोगी पडेल. आत्याने कानात 'कुर्रर्र' करून सांगायचं ते सुनेच्या आवडीचं. दाखल्यावर फक्त तेच. दोन्ही नावं जोडून, मध्ये 'उर्फ' घालून दाखल्यावर चढवू नका. त्या 'उर्फ'ची अडचण पुढच्या एका पत्रात आहेच. बारशाला जन्मवेळ मात्र मिनिटासकट पत्रिकेच्या कागदावर लिहून ठेवा. पुढे कोणी पत्रिका मागितली तर अक्षर नाही, वेळच विचारतात.

प्रश्न : मुलाचं नाव अनिरुद्ध ठेवायचं मनात आहे. नवरा म्हणतो, एवढं लांब नाव कोणी घेणार नाही, शेवटी 'अन्या' होणार. त्यापेक्षा सरळ दोन अक्षरी ठेवू. लांब नाव आणि घरात छोटं, की मुळातच छोटं?
— नाशिकहून एक वाचक

उत्तर : तुमचे यजमान म्हणतात ते खरं आहे : अन्या होणारच. पण दोन अक्षरी ठेवलं तरी मोडतोड चुकत नाही. मराठीत नावाची मोडतोड करायचा ठरलेला साचा आहे. नावाचा पुढचा तुकडा धरायचा आणि शेपूट बदलायचं. 'ऊ' लावला की लाड : वसुधाची वसू, शालिनीची शालू. 'ई' लावली की जरा दटावणी : कुमुदची कुमी. 'या' लावला की दोस्ती, नाहीतर राग : प्रकाशचा पक्या, सुरेशचा सुऱ्या. विनोबांना त्यांची आई विन्याच म्हणायची, आणि त्यात माया होती. तेव्हा नाव निवडताना त्याचं 'या'चं रूप एकदा मोठ्याने म्हणून बघा. ते अर्वाच्य शब्दाशी यमक जुळवत असेल तर पाचवीतली पोरं ते पहिल्या दिवशी शोधून काढतील. अन्या निरुपद्रवी आहे.

आता लांब की छोटं. आमचं मत लांब, मोकळं, अर्थ कळणारं नाव दाखल्यावर आणि छोटं घरात, याच बाजूचं आहे. पण एका अटीवर : पूर्ण नाव घरात कोणीतरी एकाने तरी रोज घ्यायचं. ज्या घरात पूर्ण नाव फक्त फॉर्मवर असतं, तिथे मुलाला स्वतःचंच नाव परकं वाटतं. आणि तुम्हाला आतूनच माहीत असेल की कोणीच अनिरुद्ध म्हणणार नाही, सगळे दुसरंच काही, समजा 'ईशान', म्हणणार, तर ईशान हेच दाखल्यावर घाला. जे नाव वापरणार नाही ते केवळ भारदस्त वाटतं म्हणून कागदावर अडकवू नका.

नाव पक्कं करायच्या आधी तीन गोष्टी करून बघा. फोनवर एखाद्या अनोळखी माणसाला नाव सांगा. दोनदा सांगूनही तिसऱ्यांदा अक्षरं फोडावी लागली, तर पोराला ते जन्मभर करावं लागणार. खालून तिसऱ्या मजल्यावर हाक मारून बघा; शेवटी स्वर असलेलं नाव लांबवता येतं, जोडाक्षराने संपणारं तुटतं. तिसरी गोष्ट स्पेलिंगची, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. अनिरुद्धमध्ये 'डी' एक की दोन, शेवटी 'ए' लावायचा की नाही, हे आजच ठरवा. ज्ञ आपण 'डी-एन-वाय' लिहितो, हिंदीवाले 'जी-वाय' लिहितात. ऋ ची तर तीन स्पेलिंगं सर्रास दिसतात. 'आर्य' मुलगा आणि 'आर्या' मुलगी, इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच होऊ शकतं. अंकशास्त्रवाल्याकडून एखादा जादा 'ए' घालून घ्यायचाच असेल तर तो जन्मदाखल्याच्या अर्जात घाला, पाचवीत नको.

घरातल्या नावाबद्दल एवढंच, की ते मुद्दाम शोधू नका. ते आपोआप पडतं आणि मूल मोठं झालं की बदलतं. दुसरं भावंड आलं की बंड्याचा 'दादा' होतो. साठीतही शोभतात ती नात्याची नावं : ताई, माई, अण्णा, भाऊ, बापू. मुरलीधर देवीदास आमट्यांना 'बाबा' हे नाव लहानपणीच घरातून मिळालं होतं, वयामुळे नाही. टिळकांचं मूळ नाव केशव. घरातला 'बाळ' एवढा चिकटला की केशव मागेच पडला. 'पिंट्या' मात्र पन्नाशीत जड जातो.

आणि एक नाव कटाक्षाने टाळा : रंगावरून, अंगावरून, किंवा 'नको होती' हे सांगणारं. पूर्वी मुलं जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू ठेवत; त्यात मूल जगावं ही ओढ होती. 'नकुशी' तसं नव्हे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुशींना नवी नावं द्यावी लागली. ती नावं घरात पडली आणि शाळेच्या पटावर तशीच चढली होती.

प्रश्न : जुळे मुलगे झाले. नावं यमकात हवीत की वेगळी?
— एक आई, अकोला

उत्तर : घरात चिंटू-पिंटू खुशाल म्हणा. कागदावर आद्याक्षरं तरी वेगळी ठेवा. जुळ्यांची जन्मतारीख, आईबाप, आडनाव, पत्ता, सगळं एकच असतं. त्यात अथर्व-अथांग अशी जोडी ठेवली की बँकेत, परीक्षेच्या अर्जात आणि औषधांच्या चिठ्ठीवर एकच मूल दोनदा लिहिल्यासारखं दिसतं, आणि कोणीतरी एक नोंद रद्द करून मोकळा होतो. दवाखान्यातून निघताना दोघांच्या जन्मवेळा वेगवेगळ्या लिहिल्या आहेत ना, हे पाहा. घरातलं नाव औषधाच्या बाटलीवर लिहू नका. आजी पिंटूचा डोस चिंटूला देते ती त्या यमकामुळेच.

प्रश्न : दाखल्यावर मधलं नाव आता आईचं येतं म्हणे. खरं आहे का?
— सोलापूर

उत्तर : हो. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर क्रम असा : मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वडिलांचं नाव गळत नाही, आईचं वाढतं. नाव त्यामुळे लांबतं. मुलाचं नाव निवडताना हे चारही शब्द एका दमात म्हणून बघा.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. जन्मदाखल्यावर 'स्वानंद', आधारवरही तेच. पण बालवाडीत 'सोनू' लिहिलं, तेच पुढे शाळेच्या पटावर गेलं. आता शाळा म्हणते अपार आयडी (विद्यार्थ्याचा सरकारी ओळख क्रमांक) निघत नाही. ओळखीचे म्हणतात, गॅझेट करा, 'सोनू उर्फ स्वानंद' करून टाका.
— काळजीतले पालक, जळगाव

उत्तर : गॅझेट करू नका. गॅझेट, म्हणजे सरकारी राजपत्रातली जाहिरात, असतं ते नाव बदलायला. तुमच्या मुलाचं नाव बदललेलं नाही, शाळेने चुकीचं लिहिलं आहे. दाखला आणि आधार दोन्ही जुळतात, म्हणजे पाया पक्का आहे. त्याच्याशी शाळा जुळवून घ्यायची, शाळेशी दाखला नाही. उलट दिशेने गेलात तर बरोबर असलेले दोन कागद बिघडवून चुकलेला एक वाचवाल.

मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या. त्याला जन्मदाखल्याची आणि आधारची प्रत जोडा. सोबत प्रतिज्ञापत्र जोडा : पटावरचा सोनू आणि दाखल्यावरचा स्वानंद हा एकच मुलगा आहे, सोनू हे घरातलं नाव आहे. नोंद असते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. त्यातला बदल मुख्याध्यापक परस्पर करू शकत नाहीत, प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे जातो आणि मंजुरीचं पत्र आलं की लाल शाईने दुरुस्ती होते. पोच घ्या, जावक क्रमांक लिहून ठेवा. मंजुरीनंतर 'सरल' आणि 'यू-डायस' या शाळांच्या सरकारी संगणक-नोंदींत, दोन्हीकडे नाव बदललं का, हे वर्गशिक्षकांकडून पडद्यावर बघून घ्या. बऱ्याचदा रजिस्टर दुरुस्त होतं आणि संगणकात सोनूच राहतो. अपार आयडी आधारशी नाव जुळलं तरच निघतो, म्हणून शाळा अडून बसली आहे, आणि ते बरंच झालं. चौथीत कळलं. मूल शाळेत आहे तोवर हे काम सोपं. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर रजिस्टरमधला बदल फार अवघड होतो, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर चुकलेलं नाव पुढे प्रत्येक दाराशी आडवं येतं.

आता 'उर्फ'. गावच्या सात-बारावर तो शोभतो, संगणकाला कळत नाही. नावाच्या चौकटीत 'सोनू उर्फ स्वानंद' लिहिलं की पहिलं नाव सोनू आणि मधलं नाव उर्फ असं धरणाऱ्या यंत्रणा आहेत.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, आठवा महिना आहे. बारसं बाराव्या दिवशी, आत्या पुण्याहून व्हिडिओवर. पण इथे दवाखान्यातच नाव मागतात. बारशाआधी नाव सांगणं बरं का?
— एक लेक

उत्तर : सांगा. तिकडे जन्मदाखल्याचा फॉर्म घरी सोडण्याआधी भरून घेतात आणि सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्जही त्याच फॉर्मवर करता येतो. नाव ठरलं नाही म्हणून तिथे कोरं ठेवलं तर फेऱ्या वाढतात. म्हणून नाव आणि स्पेलिंग आताच ठरवा, आत्यालाही आताच सांगा आणि गुपित ठेवायला सांगा. बाराव्या दिवशी ती 'कुर्रर्र' करेल, तुम्ही पाठीत धपाटे घालायला कोणाला तरी उभं करा. कागद आधी झाला म्हणून बारसं खोटं ठरत नाही. घरातलं नाव 'मिडल नेम'मध्ये घालण्याचा मोह टाळा; तिकीट, पासपोर्ट, ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) सगळीकडे ते आयुष्यभर छापून येतं. आणि शेजारच्या अमेरिकन बाईला नाव वाचायला द्या. अनल म्हणजे अग्नी, अर्थ सुंदर; पण रोमन लिपीत ते तिला वाचायला सांगू नका.

प्रश्न : मुलगी पावणेतीन वर्षांची, 'माऊ' म्हटलं की धावत येते, 'गार्गी' म्हटलं की ढिम्म. जूनपासून बालवाडी.
— कोल्हापूर

उत्तर : मूल साधारण साडेचार-पाच महिन्यांचं झालं की आपल्या नावाचा आवाज इतर आवाजांतून निवडायला लागतं. पण निवडतं ते कानावर पडलेलं नाव. गार्गी तिने ऐकलंच नसणार. दोन नावं शिकायला मुलांना काहीच जड जात नाही. 'माऊ' बंद करू नका, दोन्ही जोडून म्हणा : "माऊ, गार्गी कोण? गार्गीचा डबा कुठे?" ठरावीक वेळा गार्गीच्या ठेवा, जेवायला बसताना आणि बाहेर जाताना. घरातल्या सगळ्यांनी पाळलं तर दोन-तीन आठवडे पुरतात. डबा, बाटली, दप्तर यांवर 'गार्गी' मोठ्या अक्षरांत लिहा आणि तिच्यासमोर वाचा. बाईंना पहिल्या दिवशी सांगून ठेवा, की रडायला लागली तर माऊ म्हणा, हजेरीला गार्गी.

तुमची मुलगी माऊला ओ देते, म्हणून काळजीचं कारण दिसत नाही. एखादं मूल वर्षाचं होत आलं तरी घरातल्या नावालाही वळून बघत नसेल, तर नाव बदलत बसू नये, बालरोगतज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत. ताट वाजवलं की वळतो, यावर विसंबू नका. मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला हळू बोललेलं ऐकू येतंच असं नाही.